चाकांवरचं घर : भरायचं कसं, लावायचं कसं?

'कॅराव्हॅन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्लिश पिक्चरमधली ती लांबलचक पांढरी गाडी येते आणि आपण म्हणतो, "हे आपल्याकडे कुठे असतं?" पण नीट पाहिलं तर चाकांवर संसार चढवून हिंडणं आपल्याला मुळीच नवीन नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते. तिच्यासोबतच्या दिंड्यांचे ट्रक कधी पाहिलेत का? राहुट्या, पातेली, शेगड्या, पिठाची पोती, वारकऱ्यांच्या वळकट्या, सगळं रोज पहाटे चढतं आणि मुक्कामाला उतरतं, ते थेट पंढरपूर येईपर्यंत. बीडकडचे ऊसतोड कामगार दरवर्षी साखर कारखान्यांच्या हंगामाला निघतात तेही अख्खं घर ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून. आणि लांब कशाला, आपल्या मिरकरवाडा बंदरातून सुटणारे ट्रॉलर काय वेगळे आहेत? चाकं नाहीत एवढंच. बाकी बर्फ, डिझेल, पाणी, तांदूळ यांचा हिशेब निघतानाच करावा लागतो. समुद्रात कोपऱ्यावर वाण्याचं दुकान नसतं.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून हौशी लोकांच्या डोक्यात हा किडा वळवळायला लागला आहे. असे एक हौशी गृहस्थ म्हणजे माझा मामा. रिटायर झाल्यावर त्याने सेकंडहँड, दोन माणसांची, गाडीच्या मागे जोडून ओढायची छोटी ट्रेलर कॅराव्हॅन घेतली. पहिला बेत रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर आणि तिथून नरसोबाची वाडी. मामीला डायबेटिस आहे, रोज इन्सुलिन लागतं. त्यामुळे "चला, बसा, निघूया" असं करून चालणार नव्हतं. ती गाडी भरायचं आणि लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंजिनियरिंगला मी एकटीच! त्या निमित्ताने जे वाचलं, मोजलं आणि करून पाहिलं ते इथे देत आहे. होस्टेलवाल्यांनी "आम्हाला काय उपयोग?" म्हणू नये. दहा बाय बाराच्या खोलीत तिघांचा संसार मांडणाऱ्यांना यातलं निम्मं आधीच येत असणार.

आधी वजन, मग सामान

नवीन मालक सगळ्यात आधी सामानाची यादी करतो. मामानेही केली होती, फुलस्केपची दोन पानं भरून. पण यादीच्या आधी एक आकडा शोधायला हवा : गाडी किती वजन पेलते? ट्रेलरच्या आर.सी. बुकात आणि चासीवरच्या पट्टीवर रिकामं वजन आणि जास्तीत जास्त वजन दिलेलं असतं. त्यांची वजाबाकी म्हणजे आपल्या सामानाचा कोटा. मामाच्या ट्रेलरचं रिकामं वजन ५५० किलो आणि मर्यादा ८०० किलो. म्हणजे कोटा २५० किलो. ऐकायला भरपूर वाटतं ना? पण ५० लिटर पाणी म्हणजेच ५० किलो. बॅटरी ३० किलो. स्पेअर व्हील, जॅक, पाने मिळून २५. गाद्या २०, खुर्च्या आणि घडीचं टेबल २०, शेगडी आणि गॅस १५. झाले १६० किलो, आणि अजून एक कपडा किंवा एक चमचाही ठेवलेला नाही!

ओढणाऱ्या गाडीचाही आकडा बघावा लागतो. ती किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते हे तिच्या मॅन्युअलमध्ये असतं. आकडाच दिलेला नसेल तर त्या गाडीला ट्रेलर जोडायचा नाही. "थोडंसंच तर आहे" हा युक्तिवाद घाटात चालत नाही. आणि हो, कायद्याने ट्रेलर हेही वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. सेकंडहँड घेताना आर.सी.वरचा चासी नंबर प्रत्यक्ष चासीवरच्या नंबराशी ताडून घ्यावा. गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही, "मामी जरा मागे पडून येईल" हेसुद्धा नाही.

वजन अंदाजाने धरू नये. ट्रक जिथे वजन करतात त्या वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर न्यावा. काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो, पण एवढी माहिती पुरते.

उलाळ

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. त्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

मामाने पहिल्यांदा सामान लावलं तेव्हा मागच्या डिकीत २५ लिटरचे पाण्याचे दोन कॅन आणि घरचा मोठा गॅस सिलिंडर ठेवला. दिसायला एकदम नीटनेटकं. स्वयंपाकाचं सगळं एका जागी! आजोबा काठी टेकत आले, त्यांनी पुढचा दांडा, म्हणजे जो गाडीच्या हुकात अडकतो तो, हाताने जरा उचलून बघितला आणि म्हणाले, "अरे, उलाळ झालीय ही."

हा शब्द मला कॉन्व्हेंटमध्ये कधी भेटला नव्हता. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त वजन झालं की गाडी मागे झुकते, पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालच्या पट्ट्याचा फास बसतो. याला उलाळ होणं म्हणतात. उलट पुढे फार वजन झालं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून गाडी भरणारा माणूस जड पोतं आसाच्या वर, किंचित पुढे ठेवतो. फर्स्ट इयरला आपण मेकॅनिक्समध्ये 'मोमेंट' शिकतो ते हेच. आजोबा दहावीच्या पुढे गेले नाहीत, पण त्यांना हा चॅप्टर पाठ होता.

गणित करून बघूया. मामाच्या ट्रेलरच्या आसापासून हुकापर्यंतचं अंतर ३ मीटर. रिकामा असताना हुकावर ६० किलो भार येतो, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण ११ टक्के. आता आसाच्या मागे १.२ मीटरवर ५० किलो पाणी ठेवलं तर हुकावरचा भार ५० गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे २० किलोंनी कमी होतो. मोठा भरलेला सिलिंडर ३० किलोंच्या आसपास. तो १.५ मीटर मागे ठेवला की आणखी १५ किलो गेले. उरले २५. एकूण वजन झालं ६३०. म्हणजे हुकावर फक्त ४ टक्के! दोनच वस्तूंनी ११ चे ४ झाले. अमेरिकेत अशा ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के भार पुढे असावा असं मानतात, युरोपात ५ ते ७ टक्क्यांवरही चालवतात. चार म्हणजे दोन्हीकडे नापास.

नापास झाल्यावर होतं काय? ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे डोलायला लागतं. वेग जितका जास्त तितकं डोलणं वाढत जातं आणि एका मर्यादेनंतर ते आपोआप थांबत नाही. शेवटी शेपूटच गाडीला फिरवतं. मुंबई-गोवा महामार्गावर शेजारून लक्झरी बस जोरात गेली की तिच्या हवेचा धक्काही याला पुरतो. असं झालंच तर स्टीअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. घाबरून स्टीअरिंग फिरवायचं नाही.

आम्ही पाण्याचे कॅन आसाच्या बरोबर वर, खाली जमिनीवर आणले. तिथे त्यांचा मोमेंट शून्य, त्यामुळे पाणी संपत गेलं तरी तोल बदलत नाही. मोठ्या सिलिंडरऐवजी ५ किलो गॅसचा छोटा घेतला (टाकीसकट १०-१२ किलो) आणि पुढच्या पेटीत, आसापासून २.४ मीटरवर ठेवला. हुकावरचा भार ६९ किलो झाला, एकूण ६११ वर ११ टक्क्यांच्या थोडा वर. हा भार मोजायला स्पेशल यंत्र लागत नाही. सपाट जागेवर, चाकांना उटी लावून, हुकाच्या उंचीला येईल असा लाकडी ठोकळा बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवायचा आणि दांडा त्यावर टेकवायचा. काटा केवढ्यापर्यंत दाखवतो तेवढं आधी बघा, नाहीतर काटाच नवीन आणावा लागेल!

एकाच मोठ्या टाकीऐवजी छोटे कॅन घेण्याचं आणखी एक कारण आहे. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं. कॅन मात्र एक संपवून मगच दुसरा उघडायचा, म्हणजे डचमळणारं पाणी एका वेळी एकाच कॅनमध्ये राहतं.

वजनाची उंचीही महत्त्वाची. जड वस्तू जमिनीलगत, हलक्या वर. लोखंडी तवा आणि कुकर खालच्या कप्प्यात, गाद्या-उशा वर. टपावर फक्त सोलर पॅनेल, दुसरं काही नाही.

वीज, गॅस, पाणी

विजेचा हिशेब म्हणजे मामा-मामीचं पहिलं भांडण. मामाला एसी आणि टीव्ही हवा होता, मामीला मिक्सर. बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. पण साधी लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणून हातात ६०० धरायचे. एक टनाचा एसी तासाला साधारण हजार वॅट-तास खातो. "म्हणजे अर्ध्या तासाचा गारवा," मी म्हटलं. मामी लगेच, "अहो, अर्ध्या तासासाठी कशाला हवाय तो? खिडकी उघडा की!" एसी गेला. त्याच्याबरोबर टीव्ही आणि मिक्सरही गेले.

उरलं काय? चार एल.ई.डी. दिवे चार तास, ८० वॅट-तास. २० वॅटचे दोन डी.सी. पंखे आठ तास, ३२०. मोबाईल ६०. एकूण ४६०, पास! पण फ्रीज? १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसरचा फ्रीज ४५ वॅटचा, आणि दिवसातला ४० टक्के वेळ चालतो असं धरलं तर ४३२. बेरीज ८९२. नापास.

दुसरं कोणी असतं तर मी म्हटलं असतं, फ्रीज सोडा, बर्फाची पेटी घ्या. आपल्या बंदरावर बर्फाला तोटा नाही. पण न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि बर्फाला चिकटून ते गोठलं तर फेकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन साधारण महिनाभर बाहेर चालतं (नक्की किती दिवस ते पाकिटावर असतं), पण तेही ३० अंशांच्या आत. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या ट्रेलरमध्ये ३० अंश कुठले! "माठात ठेवू की," मामा म्हणाला. माठ गार होतो तो पाणी झिरपून त्याची वाफ झाल्यामुळे. नागपूरच्या कोरड्या हवेत हे झकास जमतं. आपल्याकडे हवाच ओली, वाफ होणार कशी? आपल्या माठातलं पाणी नागपूरसारखं गार का लागत नाही याचं उत्तर हेच.

म्हणून फ्रीज ठेवला आणि टपावर १०० वॅटचं सोलर पॅनेल बसवलं. चांगलं ऊन असेल तर नुकसान वजा जाता दिवसाला ३०० वॅट-तास हाताशी येतात. ८९२ वजा ३००, म्हणजे ५९२. आठ वॅट-तासांनी पास झालो, आमच्या एम-थ्री सारखे! ढगाळ दिवशी हे गणित कोलमडतं, म्हणून त्या रात्री जिथे विजेचा प्लग मिळेल तिथेच मुक्काम करायचा असं ठरलं. फ्रीजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवला आहे आणि इन्सुलिन मागच्या गार भिंतीला टेकणार नाही अशा डब्यात.

गॅसबद्दल थोडक्यात पण लक्ष देऊन वाचा. एल.पी.जी. हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीवर साचतो. त्यामुळे वरची खिडकी उघडी असली म्हणजे झालं असं नाही, जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी हवी. ती सामान लावताना झाकली जाते, आणि ती झाकली गेलेली कोणाच्याच लक्षात येत नाही. सिलिंडर नेहमी उभा, पट्ट्याने बांधलेला, गाडी निघताना रेग्युलेटर बंद. रबरी नळी आय.एस.आय. मार्कची, आणि तिच्यावर छापलेली मुदत बघून बदलायची. सेकंडहँड ट्रेलरमधली नळी तर पहिल्याच दिवशी बदला. थंडी वाजते म्हणून रात्री आत शेगडी पेटवून झोपणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरी बोलावणं, आणि त्याला वासही नसतो. आग विझवायचं छोटं सिलिंडर दाराजवळ हवं, स्वयंपाकाच्या मागे नको. आग लागली तर तिच्यावरून हात घालून ते काढणार कोण?

पाणी दोघांना दोन दिवसांना ५० लिटर पुरतं, आंघोळ बाहेर करायची असेल तर. पिण्याचा कॅन आणि वापरायचा कॅन वेगळ्या रंगांचे ठेवा. भांडी घासलेलं पाणी एका बादलीत जमवायचं आणि ठिकाणावर गटारात ओतायचं. आरे-वारेच्या वाळूत नाही, प्लीज.

डबे

इथे मामीचं राज्य. "काय गो, तुझं इंजिनियरिंग आता माझ्या डब्यांवर का?" असं तिने विचारलंच, पण या विषयात तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मान्य करायला हवं.

तिचा पहिला नियम : लवकर शिजतं तेच घ्यायचं. डाळ-भाताला कुकर, गॅस आणि पाणी, तिन्ही लागतं. कुळथाचं पीठ असेल तर दहा मिनिटांत पिठी तयार. पोहे, भाजणी, मेतकूट, आमसुलं, कोकमाचं आगळ, तांदळाचं पीठ, लसणीची चटणी. यातल्या एकालाही फ्रीज लागत नाही. आपल्या आज्यांनी पावसाळ्याच्या बेगमीसाठी जे काही शोधून ठेवलं ते सगळं कॅराव्हॅनसाठीच शोधल्यासारखं वाटतं. सुक्या बांगड्यांना मात्र तिने सक्त मनाई केली. एवढ्याशा डब्यात तो वास आठवडाभर आपल्याबरोबरच प्रवास करणार!

काचेच्या बरण्या नकोत. फिरकीच्या झाकणाचे, चौकोनी, एकाच मापाचे डबे घ्यावेत. गोल डब्यांमध्ये जागा वाया जाते आणि ते लोळतात. तळाला रबरी मॅटिंग. प्रत्येक कपाटाला खटका हवा, नुसतं मॅग्नेट पुरत नाही. ट्रॉलरवर फळ्यांना पुढून पट्टी ठोकलेली असते, तशी फळीला दोन इंचांची पट्टी ठोकली तर निम्मी भांडी वाचतात. कोकणातल्या दमटपणाचं काय करायचं? कपडे आणि गाद्या ट्रेलरच्या भिंतीला चिकटून लावायच्या नाहीत, मध्ये बोटभर फट सोडायची, नाहीतर आठवड्यात बुरशी. ट्रेलर घरी उभा असताना खायची वस्तू एकही आत नको, कारण मुंग्यांना आर.सी. बुक लागत नाही.

आणि क्रम. डेटा स्ट्रक्चर्समधला 'स्टॅक' आठवतो ना, शेवटी ठेवलेलं आधी बाहेर? दिंडीच्या ट्रकचं हेच तत्त्व. मुक्कामाला सगळ्यात आधी जे लागतं ते सगळ्यात शेवटी चढवायचं. ट्रेलर उभा केल्यावर आधी उट्या, मग टेकू, मग टॉर्च, मग चहाचं सामान. हे चारही दाराशी. मामीची औषधांची पिशवी मात्र ट्रेलरमध्ये नाहीच, ती पुढे गाडीत, तिच्या पायाशी. ट्रेलर कुठे अडकला, सोडून जावं लागलं, तरी औषध बरोबर राहिलं पाहिजे.

घाटाआधी

पहिली रात्र घराजवळच काढावी. मामा-मामी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेले, जेमतेम २५ किलोमीटर. एका उतारावर खटका नसलेलं एक कपाट उघडलं आणि चण्याची डाळ जमिनीभर! परत आल्यावर आम्ही प्रत्येक वस्तू बाहेर काढून दोन ढीग केले, वापरलेलं आणि न वापरलेलं. न वापरलेल्या ढिगात दुसरी कढई, सहा माणसांच्या ताटल्या, मामाची टूलबॉक्स नंबर दोन आणि आठ पुस्तकं होती. ढीग भरला २७ किलोंचा. औषधं, जॅक आणि आग विझवायचं सिलिंडर हे न वापरताही परत आत गेले, हे वेगळं सांगायला नको.

हे किलो घाटात कसे मोजावे लागतात बघा. १००० किलो वस्तुमान १०० मीटर खाली उतरतं तेव्हा साधारण ९.८ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या ऊर्जेत तीन लिटरहून जास्त पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत जातं. आणि हे फक्त १०० मीटरचं. नुसता ब्रेक दाबत आंबा घाट उतरलात तर ही सगळी उष्णता ब्रेकमध्येच साठते, ब्रेक तापून पकड सोडतात. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, वेग इंजिनला धरू द्यायचा आणि ब्रेक मधूनमधून दाबून सोडायचा.

शेवटची तपासणी टायरची. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलर वर्षानुवर्षं उभाच असतो, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते पण रबर वयाने वाळून भेगाळलेलं असतं. मामाच्या ट्रेलरवर अंक निघाले २३१५, म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. मामा म्हणाला, "नक्षी बघ ना, एक ट्रिप होईल." मामीने टायरवरच्या भेगेत नख घालून दाखवलं आणि ट्रेलरची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. नवीन टायर पुढच्या आठवड्यात येतायत.